लहान इंजिनाच्या बाजूने

एकच गाडी हवी, जी सुटीच्या दिवशी डोंगरातल्या वाटांवर मनसोक्त फिरवता येईल आणि नोव्हेंबरात शिकारीच्या रानातही कामाला येईल, ही एटीव्ही घ्यायला निघालेल्या अमेरिकन माणसाची नेहमीची मागणी. एटीव्ही म्हणजे चार फुगीर टायरांवर उभी असलेली, मांड टाकून बसायची, हँडलने वळवायची आणि उजव्या अंगठ्याने वेग द्यायची गाडी. आपल्याकडे ती रिसॉर्टच्या आवारात फेरी मारण्यापुरती भेटते आणि शिकार तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून बंदच आहे. अमेरिकेत मात्र परवाना, हंगाम आणि ठरवून दिलेली संख्या यांच्या चौकटीत शिकार चालते. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा तिथे वन्यजीवांच्या कामाला जातो. मिशिगनमध्ये किंवा टेक्सासात घर केलेल्या मराठी माणसाला हरणांच्या हंगामासाठी रजा टाकणारा सहकारी भेटणे काही अवघड नाही, त्यामुळे हा विषय आपल्याला अगदीच परका राहिलेला नाही. माझे म्हणणे असे, की ही दुहेरी मागणी करणाऱ्याने गाडी रानाकडे बघून ठरवावी. तशी ठरवली, तर निवड जवळजवळ नेहमी लहान इंजिनाच्या, हलक्या, सावकाश चालणाऱ्या गाडीवर येऊन थांबते. कारण वाट लहान इंजिन खपवून घेते, रान मोठे इंजिन खपवून घेत नाही.

या गाडीचा जन्मच मुळी विरंगुळ्यासाठी झाला. हिवाळ्यात मोटरसायकली खपत नाहीत आणि विक्रेत्यांचे हात रिकामे राहतात, म्हणून होंडाचे अभियंता ओसामु ताकेउची यांनी बर्फावर, वाळूवर आणि चिखलात चालेल असे तीनचाकी वाहन घडवले. १९७० मध्ये ते यूएस ९० या नावाने अमेरिकेत विक्रीला आले. टायरांत हवा इतकी कमी, की जमिनीवरच्या खाचखळग्यांचे काम टायरच करत. शेतकऱ्यांनी आणि शिकाऱ्यांनी ते पाहिले आणि खेळण्याला कामाला जुंपले. पण तीन चाकांची गाडी वळणावर कलंडते, आणि तिच्याखाली चिरडलेल्यांची, विशेषतः मुलांची, संख्या इतकी वाढली की १९८८ मध्ये उत्पादकांनी सरकारशी न्यायालयात तडजोड करून तिची विक्री थांबवली. तोवर चारचाकी गाड्या आल्या होत्या. १९८६ ची होंडाची फोरट्रॅक्स ३५० ही चारही चाकांना ताकद देणारी पहिली एटीव्ही. एटीव्ही खऱ्या अर्थाने शेताची आणि रानाची गाडी झाली ती तिथून, आणि झाली साडेतीनशे सीसीवर. पुढच्या तीन दशकांत जमीन तीच राहिली, हरणे तीच राहिली, माणसाचे वजनही फार बदलले नाही. इंजिन मात्र फुगत गेले. आज पोलारिसची स्पोर्ट्समन एक्सपी १००० ही ९५२ सीसीची गाडी चारशे किलोच्या आसपास भरते, आणि जाहिरातीतला शिकारी तिच्यावर बंदूक अडकवून चिखल उडवत जातो. ही वाढ रानाच्या गरजेतून आलेली नाही. वेगाने फिरण्याच्या हौसेतून ती आली, आणि शिकारीच्या नावावर खपली.

रानाची गरज काय, हे ठरवायला एक चांगला पुरावा हाताशी आहे. ओरेगन राज्याच्या ईशान्य भागात ला ग्रँडजवळ स्टार्की नावाचे प्रायोगिक अरण्य आहे. सुमारे १०० चौरस किलोमीटर जंगलाला तिथे आठ फूट उंच कुंपण घातलेले आहे आणि आतल्या एल्क व म्यूल हरणांच्या गळ्यात त्यांची जागा कळवणारे पट्टे बसवलेले आहेत. एल्क म्हणजे काश्मीरच्या हंगुलचा जवळचा नातलग. भरलेला नर तीनशे किलोच्या पुढे जातो. मायकेल विस्डम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रानात एटीव्ही, सायकल, पायी माणूस आणि घोडेस्वार यांच्या फेऱ्या ठरवून, वेगवेगळ्या घडवल्या आणि जनावरे काय करतात ते मोजले. चारही प्रकारांत एल्क हलले, पण त्यांची सर्वाधिक धावाधाव एटीव्हीमुळे झाली. त्याखालोखाल सायकल, मग पायी माणूस, आणि सगळ्यांत कमी घोडा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात एल्क एटीव्हीपासून सरासरी सुमारे ९०० मीटर अंतर राखून असल्याचे दिसले. पायी माणसापासून ते साडेपाचशे मीटरच्या आसपास होते. जनावराच्या लेखी गाडी आणि माणूस यांत केवढे अंतर आहे, ते या दोन आकड्यांत दिसते.

आता एटीव्हीचा हा ९०० मीटरचा आकडा जमिनीवर मांडून पाहू. अमेरिकेच्या मध्य आणि पश्चिम भागात जमिनीची मोजणी चौकोनांत झाली आहे आणि शिकारीसाठी विकत घेतल्या जाणाऱ्या तुकड्यांत ४० एकराचा तुकडा फार ओळखीचा. चाळीस एकराच्या चौकोनाची एक बाजू भरते सुमारे ४०० मीटर. म्हणजे मालकाने फाटकातून आत पाऊल टाकल्यापासून पलीकडच्या कुंपणापर्यंतचे अंतर चालत पाच-सहा मिनिटांचे, आणि एल्क एटीव्हीपासून जेवढे दूर राहते त्याच्या निम्मेही नाही. इतक्या लहान रानात इंजिनाचा आवाज पोचणार नाही असा कोपराच उरत नाही. ते रान मिशिगनसारख्या राज्यात असेल, तर तिथले बहुतेक शिकारी शेपूटपांढऱ्या हरणाच्या मागे असतात, आणि त्या हरणाला एल्कचा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही हे मला मान्य आहे. स्टार्कीतच म्यूल हरणे एल्कसारखी धावत सुटली नाहीत. पण धावत नाही म्हणजे बिचकत नाही असे नव्हे. अभ्यासकांनीच शक्यता मांडली आहे, की पळण्याऐवजी ती दाट झाडोऱ्यात दडत असावीत. शिकारीचा दाब वाढला की शेपूटपांढरे हरीणही दिवसा झुडपातून हलत नाही आणि रात्री चरते. शिकाऱ्याच्या हिशेबात पळालेले हरीण आणि दडलेले हरीण सारखेच.

इथे हमखास एक आक्षेप येतो: जनावरे गाडीला सरावतात. मराठी वाचकाला तर हे डोळ्यांनी पाहिलेले असते. ताडोब्यात जिप्सींची रांग लागते आणि वाघीण बछड्यांसह रस्ता ओलांडून जाते. अमेरिकेतला शेतकरीही सांगेल, की त्याच्या रोजच्या ट्रॅक्टरकडे हरणे मान वर करून बघतात आणि पुन्हा खायला लागतात. दोन्ही खरे आहे, आणि दोन्हींचे कारण एकच. ताडोब्यातल्या जिप्सीतून गोळी सुटत नाही. ट्रॅक्टर रोज त्याच वेळी त्याच बांधाने जातो आणि त्यावरून उतरून कुणी झाडामागे दबा धरत नाही. शिकारीच्या रानातली एटीव्ही वर्षभर क्वचित येते आणि हंगामात अचानक पहाटे येते, ज्या दिवसांत कळपातले एखादे जनावर पडते त्याच दिवसांत येते. सरावायला निरुपद्रवीपणाचा अनुभव लागतो, आणि इथे अनुभव नेमका उलटा मिळतो. मिशिगनच्या कायद्याने हे ओळखलेले दिसते. तिथे १५ नोव्हेंबरपासूनच्या बंदुकीच्या हंगामात, सार्वजनिक शिकारीच्या क्षेत्रात सकाळी ७ ते ११ आणि दुपारी २ ते ५ अशी वाहने चालवायला मनाई आहे. अपवाद मोजके, त्यांतला एक म्हणजे रीतसर मारलेले हरीण, अस्वल किंवा एल्क बाहेर काढणे. मला हा नियम निवडीचा सर्वांत चांगला सल्ला वाटतो, कारण शिकारीत या गाडीचे काम नेमके कोणते ते त्याने सांगून टाकले आहे. शिकार होईपर्यंत ती उभी राहते. शिकार झाल्यावर ओझे वाहते.

ओझे वाहायचे, तर त्याला किती ताकद लागते? होंडाच्या फोरट्रॅक्स रँचरचे उदाहरण घेऊ. ४२० सीसीचे एकच सिलिंडर. कंपनी तिच्या पुढच्या रॅकवर ३० आणि मागच्या रॅकवर ६० किलो वजन ठेवू देते, आणि मागे सुमारे ३८५ किलो ओढू देते. पोट साफ केलेले एक बरे शेपूटपांढरे हरीण मागच्या रॅकच्या मर्यादेत बसते किंवा किंचित बाहेर जाते. एल्कचे हाडांवेगळे मांस शंभर किलोच्या आसपास भरते. ते छोट्या ट्रेलरमध्ये आरामात मावते. याहून जास्त ताकदीने हरीण हलके होत नाही आणि घरही जवळ येत नाही. उलट मोठ्या गाडीचा मोठा रॅक माणसाला चुकीच्या जागी ओझे रचायला भुलवतो. मागच्या रॅकवर चढवलेले ऐंशी-नव्वद किलोचे धूड आसनाच्या उंचीवर, मागच्या आसाच्याही थोडे मागे बसते. सपाटीवर काही जाणवत नाही. चढ लागला, की तेच वजन पुढची चाके उचलायला लागते. हँडल हलके पडते, वळवलेली चाके वळत नाहीत. त्या क्षणी अंगठा घाबरून थोडा जास्त दाबला गेला, तर नव्वद अश्वशक्तीचे इंजिन गाडीला मागच्या चाकांवर उभी करते आणि ती स्वारावर उलटते. साडेचारशे सीसीचे इंजिन त्याच ठिकाणी धापा टाकते आणि थांबते. माझ्या मते हा लहान इंजिनाचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि तो कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

चढापेक्षा उतार अधिक महत्त्वाचा, कारण मांस बहुधा वरून खाली आणायचे असते. पोलारिस, यामाहा, कॅन-ॲम यांच्या बहुतेक गाड्यांत गिअरऐवजी रबरी बेल्ट असतो, तो दोन पुलींमध्ये घट्ट-सैल होत वेग बदलतो. चालवायला फार सोपे. पण इंजिनाचा वेग उतरला, की पुढची पुली बेल्टवरची पकड सोडते, आणि उतारावर गाडी मोकळी घरंगळू लागते. म्हणून चांगल्या गाड्यांत एका दिशेने पकडणारा क्लच घालून इंजिनाचा रोध चाकांपर्यंत पोचवलेला असतो. रँचरच्या पायाने बदलायच्या गिअरमध्ये पहिला गिअर टाकला, की इंजिन स्वतःच गाडी धरून ठेवते. ब्रेकला हात लावावा लागला तरी थोडाच. बेल्टच्या गाडीला आणखी एक पथ्य असते: ओझे घेऊन सावकाश चालताना लो रेंजमध्येच, म्हणजे कमी वेगाच्या गिअरमध्येच चालवायची, नाहीतर बेल्ट तापतो, जळतो, आणि ओढा ओलांडताना आत पाणी गेले तर घसरतो. तेव्हा दुकानात उभे राहून अश्वशक्ती विचारण्यापेक्षा ‘भरल्या ट्रेलरसकट ही उतारावर स्वतःला धरते का’ हा प्रश्न विचारावा.

चिखल आणि बर्फ यांचे काय, असे विचारणारा चुकीचे विचारत नाही. उत्तर मिशिगन किंवा मिनेसोटातल्या पाणथळ रानात अडकून पडणे ही थंडीत जिवावर बेतणारी गोष्ट आहे. पण चिखलातून बाहेर काढतात ती चाकांची पकड, टायरातली कमी हवा, दोन्ही बाजूंची चाके एकत्र फिरवणारे डिफरन्शियल लॉक आणि दोर गुंडाळून गाडी ओढून काढणारी, पुढे बसवलेली विंच. अश्वशक्ती जास्त असली, की चाके अधिक वेगाने फिरून अधिक लवकर खड्डा खणतात आणि गाडी पोटावर बसते. पावणेतीनशे-तीनशे किलोची गाडी एकटा माणूस विंचने, फांद्या घालून, वेळ पडल्यास एका बाजूने रेटून काढू शकतो. चारशे किलोच्या गाडीशी एकट्याने झुंजणे अवघड, आणि शिकारी बहुधा एकटाच असतो. शिवाय चिखलात उठलेल्या चाकोरीचे पुढे काय होते, तेही बघायला हवे. उतारावरच्या ओल्या मातीत चाकाने पाडलेली चर पावसात पाण्याची वाट होते, दरवर्षी खोल जाते, आणि तिची माती खालच्या ओढ्यात उतरते. वाहने वाटेल तिथे फिरल्याने होणारी झीज पाहूनच अमेरिकेच्या वनखात्याने २००५ मध्ये नियम केला, की राष्ट्रीय अरण्यांत अशी वाहने फक्त नेमून दिलेल्या रस्त्यांवर, वाटांवर आणि क्षेत्रांतच चालतील. स्वतःच्या चाळीस एकरांवर हा नियम लागू नाही, पण माती तिथेही तशीच वाहून जाते.

विजेच्या गाड्या आल्या की हा सारा वाद मिटेल, असेही म्हटले जाते. पोलारिसने रेंजर एक्सपी कायनेटिक ही विजेवर चालणारी तीन आसनांची गाडी बाजारात आणली आहे, आणि इंजिनाची धडधड नसणे ही शिकाऱ्यासाठी लहान गोष्ट नाही; मी तिचे स्वागतच करतो. पण स्टार्कीत आवाज न करणारी सायकलही पायी माणसापेक्षा जास्त भीती घालून गेली होती. वेगाने येणारी, अचानक समोर उगवणारी वस्तू जनावराला बिचकवते, इंजिन असो वा नसो. आणि मोटार शांत असली, की ती जिथे सोडून चालत जायला हवे होते तिथून पुढे नेण्याचा मोह वाढतोच.

मराठी वाचकाला या बाजारातली एक गाडी मात्र मुद्दाम दाखवावीशी वाटते. मुंबईच्या महिंद्राने २०१८ मध्ये मिशिगनमधल्या ऑबर्न हिल्स येथून रॉक्सर ही गाडी विकायला सुरुवात केली. थारच्या सांगाड्यावरची, अडीच लिटर डिझेलची, ६२ अश्वशक्तीची, पाच गिअरची आणि फक्त रस्त्याबाहेर चालवायची. जीपच्या मालक कंपनीने तिच्या चेहऱ्यावरून अमेरिकी व्यापार आयोगाकडे तक्रार केली आणि महिंद्राला रूप बदलावे लागले, ती कथा वेगळी. इथे महत्त्वाचे असे, की खालच्या वेगात नेटाने ओढणारे ते डिझेल इंजिन मोठ्या मालकीच्या रानात कुंपणाचे खांब, चाऱ्याची पोती, लाकूड वाहायला फार उपयोगी. पण वजन साडेतेराशे किलोच्या पुढे, रुंदी दीड मीटरहून जास्त. अमेरिकेतल्या वनवाटांपैकी कित्येकांच्या तोंडाशी ५० इंचांची, म्हणजे १२७ सेंटिमीटरची मर्यादा असते. या मर्यादेत एटीव्ही बसते, रॉक्सर बसत नाही. तेव्हा शेकडो एकरांच्या मालकाने तिचा विचार करावा. चाळीस एकर आणि वनवाटा अशा दोन्हींची हौस असणाऱ्याने करू नये.

आणि वाटांचे सुख? ते मी हलके लेखत नाही. वेस्ट व्हर्जिनियात कोळशाच्या जुन्या पट्ट्यात २००० साली हॅटफील्ड-मकॉय वाटा खुल्या झाल्या. खाणी मंदावलेल्या गावांना त्यांनी खानावळी, निवारे आणि दुरुस्तीची कामे दिली. अशा वाटांवर दिवसभर बसायचे, तर मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि पॉवर स्टिअरिंग हवे. नाहीतर संध्याकाळी कंबर आणि मनगटे बोलू लागतात. या दोन गोष्टींसाठी पैसे जरूर मोजावेत. पण दोन्ही मधल्या इंजिनाच्या गाड्यांतही मिळतात. वळणावळणाच्या, दगडधोंड्यांच्या, समोरून कोण येईल ते न दिसणाऱ्या वाटेवर चारशे-पाचशे सीसीचा स्वार मागे पडतो तो क्वचित लागणाऱ्या सरळ पट्ट्यांत. सोबत्यांची धूळ थोडी जास्त खावी लागेल, हे खरे आहे. दुहेरी निवडीत एवढे नुकसान मी पत्करीन, कारण उलट बाजूने चुकलेल्याचे नुकसान हंगामभर चालू राहते.

सगळ्यांत वजनदार आक्षेप सुरक्षेचा आहे, आणि तो पुरता खोडता येत नाही. मांड टाकून बसायच्या गाडीला पिंजरा नाही, पट्टा नाही. ती उलटली तर स्वार खाली सापडतो. अमेरिकेत दरवर्षी शेकडो माणसे अशा वाहनांच्या अपघातांत जातात. ऑस्ट्रेलियाने २०२१ पासून नव्या एटीव्हींवर स्वाराला चिरडण्यापासून वाचवणारी चौकट सक्तीची केली. होंडा आणि यामाहाने ती बसवण्यापेक्षा तिथली विक्री बंद करणे पसंत केले. शेजारी-शेजारी बसायच्या, पिंजऱ्याच्या आणि पट्ट्याच्या गाड्या या एका बाबतीत निश्चित सरस आहेत. नातवाला बरोबर न्यायचे असेल, तर एका स्वाराच्या एटीव्हीवर दुसरा माणूस बसवायचा नसतो, तेव्हा तिथे वादच नको. मात्र तिथेही माझे म्हणणे तसेच राहते: त्या वर्गातली अरुंद, कमी ताकदीची, मालवाहू गाडी घ्यावी. एटीव्हीच घेतली, तर मोठ्या इंजिनापायी जाणारे पैसे वाचतील. ते हेल्मेटवर, प्रशिक्षणावर आणि विंचवर घालावेत.

गुडघे गेलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या शिकाऱ्याने काय करायचे, हाही प्रश्न आहे. पायी जा असे त्याला सांगणे निर्दयपणाचे होईल. अनेक राज्ये अपंग शिकाऱ्यांना वाहनात बसून शिकार करण्याचा खास परवाना देतात, आणि ते योग्यच आहे. त्याच्यासाठी गाडी हेच पाय आहेत. पण त्यालाही मचाणाच्या अगदी जवळ, पहाटे अंधार असताना, एकदाच, हलक्या आवाजात पोचायचे आहे आणि दिवस मावळेपर्यंत तिथून हलायचे नाही. त्याला चढायला-उतरायला सोपे आसन, अंगठ्याला जड न पडणारा थ्रॉटल आणि हँडलला पॉवर स्टिअरिंग लागेल. हजार सीसी त्यालाही लागणार नाहीत.